तुम्ही विचारलंत म्हणून: इंदूमावशीला का मारलं

"का हो, इंदूमावशीला का मारलंत?"

2021 च्या दिवाळी अंकातल्या माझ्या कथेत इंदूमावशी गेली, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. अप्पा बळवंत चौकात अंक चाळत उभी असले की कुणीतरी ओळखतं आणि विचारतं. भाचीच्या लग्नात हातात अक्षता असताना विचारलं. एका बाईंनी अंकातली शेवटची सहा पानं फाडून पोस्टाने मला परत पाठवली, सोबत एकच ओळ: "ही तुमच्याकडेच ठेवा." ती मी ठेवली आहेत. आजवर प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं, समोरचा माणूस बघून आणि माझा त्या दिवशीचा जीव बघून. आता थकले. एकदाच सगळं सांगते.

गोष्टी तुम्हाला माझ्याहून पाठ आहेत, तेव्हा त्या पुन्हा उगाळत नाही. 2014 पासून दर दिवाळीला एक दीर्घकथा, अशा आठ. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला रेडिओ दुर्बिणीचा तळ, त्यावर सात माणसं, आणि त्यांत अँटेनांच्या गिअरना वंगण घालणारी नारायणगावची इंदूमावशी. तळाच्या घड्याळात संध्याकाळ झाली की रेडिओवर तिचा ठरलेला प्रश्न: "सगळे आत आले का?" उत्तर आल्याशिवाय ती ताटावर बसत नसे. आठव्या कथेत ती गेली.

आधी आरोपांचं बघू. खप वाढावा म्हणून मारली, असं काहींचं म्हणणं. दिवाळी अंकाचं मानधन किती असतं हे ज्यांना माहीत आहे ते असं म्हणणार नाहीत. वाचकाला धक्का द्यायला मारली? नाही. पहिल्या कथेपासून त्या तळावर मृत्यू दाराशी उभा आहे, कुणी ना कुणी जाणार हे मी कधी लपवलं नव्हतं. तिचा कंटाळा आला होता? इथे मात्र मला थांबावं लागतं. कंटाळा नव्हता, पण तिची भीती वाटायला लागली होती. पाचव्या कथेपासून पत्रं यायची ती फक्त तिच्यासाठी. मी पल्सारवर, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्यांवर, महिना घालवायचे आणि वाचक विचारायचे, मावशीच्या गुडघ्याचं काय झालं? कथा तिच्या ओंजळीत गेली होती. ती ओंजळ मला सोडवायची होती. हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग हिशेबाची पत्रं. आपल्याकडे नारळीकरांच्या कथा वाचून मोठी झालेली पिढी आहे, ती विज्ञानात फसवू देत नाही, आणि देऊ नये. कर्वेनगरच्या एका निवृत्त अभियंत्यांनी दोन पानी गणित पाठवलं. अपोलो 17 चे अंतराळवीर चांद्रगाडीतून यानापासून जास्तीत जास्त 7.6 किलोमीटर गेले होते. गाडी बंद पडलीच तर पाठीवरच्या हवेवर चालत परत येता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम. मग तुमची इंदूमावशी 31 किलोमीटरवरच्या 22 नंबरच्या अँटेनाकडे एकटी जाईलच कशी? आणि गेली, चाक धुळीत रुतलं, हवा पाच तासांची उरली, तरी तळावरची दुसरी गाडी ताशी दहाच्या वेगाने तीन तास सहा मिनिटांत पोचते की!

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. तिसऱ्या कथेत तळावरच्या शिकाऊ पोराला आणायला ती अशीच एकटी गेली होती; नियम मोडताना तिला दोनदा विचार करावा लागत नसे. दुसऱ्याचं उत्तर मी मोठ्या ऐटीत दिलं. चंद्र लहान, त्यामुळे उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम अडीच किलोमीटरवर. त्यापलीकडे रेडिओची हाक सरळ जात नाही, ती उपग्रहावरून फिरवून आणावी लागते, आणि उपग्रह त्या दिवशी सौरवादळाने बंद पडलेला. ती अडकली आहे हे तळाला कळणार कसं? त्या गृहस्थांचं उलट पत्र आलं: "मान्य." मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते आठवलं की आज अंगावर काटा येतो.

तिला परत आणा म्हणणारेही पुष्कळ. कॉनन डॉयलने 1893 साली होम्सला कड्यावरून ढकललं आणि 1903 साली परत आणलं. 'स्टार ट्रेक'मधला स्पॉक 1982 च्या चित्रपटात गेला आणि 1984 च्या चित्रपटात आला. मग तुम्हालाच काय अडचण? अडचण ही, की होम्सचं प्रेत कुणाला सापडलं नव्हतं. माझ्या इंदूमावशीला त्या शिकाऊ पोराने स्वतःच्या हाताने आत आणलंय. तिच्या हातमोज्यावर वंगण होतं, ते त्याने पुसलं. ते पुसणं खोटं कसं करू?

तेव्हाच्या एका कार्यक्रमात मी म्हणाले होते, "चंद्र कुणाची गय करत नाही, मग लेखकाने का करावी?" टाळ्या पडल्या. ते वाक्य आज मला सहन होत नाही. चंद्राने काही केलं नव्हतं. उपग्रह मी बंद पाडला. सौरवादळं खरी असतात, उपग्रहांना त्यांचा त्रास होतो, हे सगळं खरं. पण नेमकं त्याच दुपारी वादळ आणलं ते मी, कारण शेवटच्या प्रसंगात मला शांतता हवी होती. पलीकडच्या बाजूच्या आकाशात पृथ्वी कधी उगवतच नाही. ती नाही, आवाज नाही, फक्त एक बाई आणि तिची अँटेना. मला ते सुंदर वाटलं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

त्या वर्षी डिसेंबरात एक काका घरी आले. शनिवार पेठेत राहणारे, निवृत्त शिक्षक. हातात पिशवी, पिशवीत अंक, अंकात खुणेला वीजबिल. काकूंची नजर काचबिंदूने गेली, तेव्हापासून दिवेलागण झाली की काका त्यांना वाचून दाखवतात. पहिल्या सात कथा अशाच झाल्या. आठवी मात्र वीजबिलापाशी अडली होती.

"मी तीन दिवस सांगतोय, पुढचं छापलेलं नाही, क्रमशः आहे," काका म्हणाले. "मग मीच रचून वाचलं. पहिल्या दोन ओळींत तिने पकडलं. म्हणाली, हे त्यांचं नाही. ताई, मला चार पानं लिहून द्या. तुमच्या हातची. मावशी परत येते एवढंच. कुठे छापायचं नाही."

मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी त्यांना कथेशी प्रामाणिक राहणं म्हणजे काय ते समजावलं. वीस मिनिटं. एका माणसाला, जो चार पानं मागायला दोन जिने चढून आला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले, अंक पिशवीत घातला आणि चहा न घेता गेले.

आठ दिवसांनी चार पानं लिहून मी त्यांच्याकडे गेले. चाक सुटतं, मावशी तळावर पोचते, दार उघडतं आणि ती विचारते, "सगळे आत आले का?" लिहिताना मला स्वतःला गहिवरून आलं होतं.

काकू पलंगावर बसून मटार सोलत होत्या. नजर नसलेल्या माणसाची बोटं किती नेमकी चालतात ते मी प्रथमच पाहिलं. शेंग शिवणीवर दाबायची, अंगठा आत सरकवायचा, दाणे ताटलीत, साल मांडीवरच्या वर्तमानपत्रात. एकही दाणा बाहेर पडत नव्हता. काका वाचत होते, मी खुर्चीत. चार पानं संपली तरी बोटं थांबली नव्हती.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "आता खरं वाचा."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी विचारलं, "काकू, कशावरून?"

"आत आल्यावर ती आधी हात पुसते, मग बोलते. नेहमी. यात तिने हात पुसलेच नाहीत."

आठ वर्षं मी तिला लिहिलं आणि तिचे हात पुसायचे राहिले.

खरं काका वाचू शकेनात. वीजबिल बाजूला काढलं, पहिली ओळ वाचली आणि अंक माझ्या हातात दिला. मी वाचलं. स्वतःचं लिहिलेलं मी कार्यक्रमांतून कितीदा तरी वाचलंय, पण तिथे समोर लोक असतात, माइक असतो. इथे फक्त शेंगा फुटण्याचा आवाज. वाचता वाचता मी शेवटाशी आले. तिथे एक वाक्य आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पत्रात उतरवून पाठवलेलं: "आणि त्या काळोखात चंद्राने आपलीच इंदू मिटवली." त्याच्यासाठी मी दोन रात्री जागले होते. त्या खोलीत ते माझ्या तोंडून फुटेना. मी ते गाळलं आणि पुढचं वाचलं. गाळल्याने काहीच अडलं नाही.

काकूंनी शेवटची शेंग ठेवली. रडल्या नाहीत. बराच वेळाने म्हणाल्या, "त्या संध्याकाळी कुणी विचारलंच नाही का, सगळे आत आले का?"

मी उपग्रहाचं सांगितलं. क्षितिजाचं सांगितलं. कर्वेनगरच्या अभियंत्यांनी मान्य केलेलं सगळं.

"रेडिओ बंद होता ना, बाई. पण आत तोंडं होती की. जेवले ना ते?"

जेवले होते. मी लिहिलं होतं तसं. अंक माझ्याच हातात होता, मी पान मागे उलटलं. चाक रुतून तास झालेला असताना, तिच्या पाठीवर चार तासांची हवा असताना, तळावरचा परिच्छेद सुरू होतो: "सर्वजण जेवायला बसले."

सर्वजण. ती बाहेर होती आणि माझ्या लेखणीने सर्वजण लिहिलं. छापून आलं, हजारो जणांनी वाचलं, मी तीनदा मुद्रितं तपासली, आणि तो शब्द कुणालाही टोचला नाही. दिसत नसलेल्या एका बाईला टोचला.

तुम्ही विचारता, का मारलंत. त्याचं उत्तर मी वर दिलं, बरं-वाईट जसं आहे तसं. पण काकूंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे. जेवताना एकाने जरी मान वर करून विचारलं असतं, तर दुसरी गाडी निघाली असती. तीन तास सहा मिनिटं. ती वाचली असती. आणि कुणीच विचारलं नसेल, तर आठ वर्षं मी ज्यांना जीव लावून लिहिलं ती ही माणसं नव्हेत.

किंवा हीच ती माणसं. कधी कधी मला वाटतं, हेच कथेतलं सर्वांत खरं आहे. मोजणारी एक असली की बाकीचे मोजायला शिकतच नाहीत. तुमच्या पत्रांतही ते होतं, रागावू नका. "आता त्या पोरांना कोण विचारणार?" असं कितीतरी जणांनी लिहिलं. तिला कधी कुणी विचारलं का, असं एकानेही लिहिलं नाही. मीही नाही. पण हा विचार मला 2021 साली सुचलेला नव्हता. माझ्या चुकीतून निघालेलं शहाणपण माझं म्हणून मिरवायचं कसं?

आठही कथांचं पुस्तक करायचं चाललंय. चंद्राने इंदू मिटवल्याचं वाक्य काढून टाकलंय, तेवढं एक ठरलंय. बाकी दोन खर्डे टेबलावर आहेत. एकात "सर्वजण" तसाच आहे, न टोचता जाऊ दे म्हणून. दुसऱ्यात तो शिकाऊ पोरगा घास हातात धरून थांबतो आणि रिकाम्या जागेकडे बघतो. तो बोलला तर मावशी जगते. तो नाही बोलला, तर मला त्याचं तोंड बघवत नाही. त्याला घास धरून ठेवून आता दुसरं वर्ष चाललंय.

काकांचा परवा फोन आला होता. मागून काकूंचा आवाज आला, "दुरुस्त झालं का विचारा." मी म्हटलं, अजून नाही. "होऊ दे सावकाश," काका म्हणाले, "ती थांबलीय."