तोंडात तयार असलेलं उत्तर

वारीला निघायचं म्हणून आळंदीत पोचलं की पहिल्या दहा मिनिटांतच ती वेळ येते. अनोळखी म्हातारबाबा ‘माउली’ म्हणत वाकतात आणि आपल्या पायांना हात लावतात. माणसापुढे वाकणं जिथे पाप होतं, परक्याचा प्रसाद नाकारणं ही जिथे परीक्षा होती आणि बाहेरच्यांच्या प्रत्येक प्रश्नावर उत्तर पाठ करून घेतलं जायचं, अशा पंथात वाढलेल्याचा पाय झटकन मागे जातो. पंथ सोडून नास्तिक झाल्यावरही माझा पाय मागेच जायचा. समोरच्याला शत्रुपक्षात उभं करायची सवय तशीच राहिली होती, फक्त मी पक्ष बदलला होता.

पाय मागे घेऊ नये, वाकलेल्या माणसाचा तोल जातो. आपणही वाकावं, गुडघे दुखत असतील तर हात जोडावेत. तुम्ही काय मानता हे त्या नमस्कारात कुणी विचारत नाही, आणि तो माणूस पुढच्याच्या पायाशी पोचलेलाही असतो.

दिंडी ठरवताना दोन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. माळ सक्तीची आहे का? हरिपाठाला उभं राहावंच लागतं का? दिंडीप्रमुखांना एवढंच सांगावं, ‘महाराज, मी माळकरी नाही, चालायला आलोय.’ त्यापुढे खुलासा करू नये. खुलासा लांबला की त्याचा वाद होतो, आणि बहुतेक वेळा तो समोरच्याने मागितलेलाही नसतो.

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यात पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात लांब, साधारण तीस किलोमीटर, शेवटी दिवे घाट आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी एकादशी. जुने वाद डोक्यात उसळतात ते याच दिवशी. अमुक गुरुजींनी तेव्हा काय म्हटलं, मी काय म्हणायला हवं होतं, हे चढावर सुरू होतं आणि सासवडपर्यंत थांबत नाही. कारण साधं आहे: पोट रिकामं, झोप चार तास, घशाला कोरड. म्हणून वडकीला विसाव्यावर बसून नीट खावं, मीठ-साखरेचं पाणी प्यावं. उपास करायचा नसेल तर खुशाल पोळीभाजी खावी, पण बाजूला बसून. शेजारच्याला दिसेल अशी खाल्ली की ते जेवण राहत नाही, निषेध होतो, आणि दिवसभर आपलंच मन ताठ राहतं.

डोक्यातला वाद दाबायला गेलं की तो दुप्पट होतो. मला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक म्हणजे टाळ हातात घेणं. पताका पुढे, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये पखवाज, मागे वीणा. ओळीत राहायचं तर पाय आणि टाळ एका ठेक्यात हवेत, आणि दोन्ही हात गुंतले की बोटांवर मुद्दे मोजता येत नाहीत. अर्थ पटलाच पाहिजे असं नाही, पाऊल चुकू द्यायचं नाही एवढंच. दुसरी गोष्ट, ज्याचं उत्तर खरोखरच माहीत नाही असा प्रश्न शेजारच्याला विचारणं. पेरणी उरकून आलात का काका? मागे गुरं कोण बघतं? ‘तुम्ही हे का मानता?’ हा प्रश्न चौकशीसारखा दिसतो, पण आमच्यासारख्याच्या तोंडी ती उलटतपासणी असते. काकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर ओठांवर आलंय असं जाणवलं, तर तिथे घोटभर पाणी प्यावं.

दोन चुका हमखास होतात. रोज रात्री फोनवरून पंथ सोडलेल्या मित्रांना वारीतली अंधश्रद्धा कळवत बसणं ही पहिली. मग दिवसभर डोळे पुरावेच शोधतात, माणसं दिसत नाहीत. दुसरी याच्या उलटी, आणि मला जास्त धोक्याची वाटते: लोणंद-तरडगावपर्यंत इतकं भारावून जाणं की लगेच माळ घालावी. तिथल्या चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोड्यांची दौड, पाहून डोळे भरतात, भरू द्यावेत. माळेचा विचार घरी जाऊन सहा महिन्यांनी करावा. कडक पंथातून आलेल्याला दुसरी तटबंदी फार लवकर आवडते.

पण भांडायची सवय सोडायची म्हणजे अन्याय गिळायचा का? मला याचं उत्तर मुक्कामावरच्या समाजआरतीत मिळालं. संध्याकाळी पालखी तळावर येते, भोवती दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. मग सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार दंड उंचावून ‘हो’ असा पुकारा करतात आणि क्षणात सगळं शांत होतं. अशा शांततेत एखाद्या कोपऱ्यातून टाळ वाजतच राहतात. त्या दिंडीची काही तक्रार आहे, असा त्याचा अर्थ. चोपदार त्यांच्याकडे चालत जातात, ऐकून घेतात. जागा मिळाली नाही, पाणी आलं नाही, ओळीत कुणी घुसलं. तोडगा निघाला की टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू आणि उद्याची निघायची वेळ सांगतात, आणि आरती होते. तोवर सगळा तळ त्या एका दिंडीसाठी उभा असतो. तक्रार करणारे आपल्या जागेवरच असतात, कुणी त्यांना बाहेर काढत नाही, आणि ऐकून घेतल्यावर तेही वाजवत राहत नाहीत. मी जिथून आलो तिथे तक्रार करणारा त्याच दिवशी परका व्हायचा. म्हणूनच की काय, आम्हाला टाळ थांबवता येत नाही.

वारीतही सगळं आपोआप सुटलेलं नाही. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीजवळ, मंदिराबाहेर. मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावं लागलं. त्यांची मागणी एका दाराची होती, ते उघडायचं ठरल्यावर उपोषण संपलं. आपण भांडतो ते नेमक्या कोणत्या दारासाठी, हे त्या पायरीपाशी उभं राहून स्वतःला विचारावं. माझ्या निम्म्या भांडणांत दार नव्हतंच.

दर्शनाच्या रांगेत किती तास जातील याचा नेम नाही. नुसतं कळसाचं दर्शन घेऊन परतणारे वारकरी पुष्कळ असतात, त्यात उणेपणा नाही. जमलं तर पौर्णिमेपर्यंत थांबावं आणि गोपाळपूरला काल्याला जावं. दही-लाह्यांचा काला लोक एकमेकांच्या तोंडात भरवतात, हात कुणाचा ते बघत नाहीत. प्रसाद नाकारायला शिकलेल्या माणसाचे दात तिथे घट्ट मिटतात. खायचंच अशी जबरदस्ती स्वतःवर करू नये. ओंजळ पुढे केली तर काला ओंजळीत पडतो, लाह्या दह्याने मऊ झालेल्या असतात, बोटांमधून गळायला लागतात, आणि भरवणाऱ्या आजी पुढच्याकडे वळलेल्या असतात.