लाभ, दोन, तीन

आपल्या शाळेची प्रयोगशाळा आठवली की मला आधी स्पिरिटचा वास येतो आणि त्याच्या मागोमाग कच्च्या भेज्याचा. आमच्या १९९१ च्या दहावीच्या बॅचमधलं कुणीही तो दिवस विसरलं नसणार. मज्जासंस्थेचा धडा होता. बाईंनी फळ्यावर आकृती काढून नावं लिहून दिली असती तरी आमचे मार्क कुठे जात नव्हते. पण त्यांनी सकाळीच शिपाईमामांना मटणाच्या दुकानात धाडलं आणि बकऱ्याचे दोन भेजे मागवले. बाई स्वतः माळकरी, त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. तरी बाह्या सारून पहिला हात त्यांनीच घातला.

आदल्या दिवशी मला थांबवून म्हणाल्या होत्या, "तुझे वडील मार्केट यार्डात मापाडी ना गं? एक किलोचं एक आणि दोनशेची दोन वजनं घेऊन ये उद्या." ती तिन्ही वजनं पिशवीत घालून त्यांनी वर्गात हातोहात फिरवली. माणसाच्या मेंदूचं वजन तेराशे ते चौदाशे ग्रॅम, हे आम्ही पाठ केलं नाही, हाताने तोललं. मग ताटातला बकऱ्याचा मेंदू दाखवला. तो त्यापुढे मूठभर. बाई म्हणाल्या, "शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के. पण आपण घेतो त्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा संपवतो. साठवून काही ठेवत नाही. रक्त थांबलं की काही मिनिटांत त्याच्या पेशी मरायला लागतात." हे शेवटचं वाक्य पुढे माझ्या घरात खरं झालं.

एक भेजा पाण्यात बुडवून आम्ही पाळीपाळीने सोलला. मेंदूवर तीन आवरणं असतात. बाहेरचं जाड आवरण कवटीला धरून राहतं. सगळ्यात आतलं, तांबड्या शिरांच्या जाळीचं, मेंदूच्या प्रत्येक घडीत उतरलेलं असतं. नखाने अलगद धरून ओढलं की ते घडीतून सुटून येतं आणि खालचा मेंदू बोटाला खरवसासारखा लागतो. इतक्या मऊ वस्तूत माणसाची सगळी माया, सगळी भांडणं, सगळे पाढे राहतात, हे मला त्या वयात मानवत नव्हतं. तो स्पर्श अजून माझ्या बोटांत आहे.

दुसरा भेजा बाईंनी मिठाच्या पाण्यात वाफवून घेतला होता, म्हणजे कापता येईल. पुढे मोठा मेंदू, मागे फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा लहान मेंदू, खाली देठासारखा निमुळता होत गेलेला मस्तिष्कपुच्छ. मोठ्या मेंदूने विचार करायचा, ठरवायचं, बघायचं, ऐकायचं. लहान मेंदूने तोल आणि नेमकेपणा सांभाळायचा. मस्तिष्कपुच्छाने आपण झोपेत असतानाही श्वास आणि हृदय चालू ठेवायचं. मग बाईंनी लोकरीचे दोन धागे घेतले, एक लाल, एक हिरवा. मेंदूच्या दोन अर्धांवर एकेक टोक धरलं, मस्तिष्कपुच्छापाशी दोन्ही एकमेकांवरून पलीकडे नेले आणि खाली सोडले. डाव्या मेंदूचा हुकूम उजव्या हातापायाला, उजव्याचा डाव्याला. "असं का, बाई?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. "याचं पक्कं उत्तर अजून कुणालाच सापडलेलं नाही," बाई म्हणाल्या. वर्गात इतकं सरळ उत्तर मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

१९९३ साली मी बारावीत होते. पहाटे तोंड धुताना आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातून तांब्या पडला. उजवा हात लोंबकळत होता, तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं आणि बोलायला गेले की नुसतं "ते... ते..." आजी म्हणाली, अंगावरून वारं गेलं. मी म्हणाले, डाव्या मेंदूत झालंय. माझं कोण ऐकणार! जवळच्या एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं आणि घरी पाठवलं. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मिरजेला नेलं, तेव्हा कळलं की डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तेव्हा आपल्याकडे मेंदूच्या अशा झटक्यावर दिलं जात नव्हतं. आज देतात, पण ते साधारण पहिल्या साडेचार तासांतच द्यावं लागतं. म्हणून मी भेटेल त्याला सांगते: तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर सलाइन नको, तेल नको, थेट मोठ्या दवाखान्यात चला.

घरी आल्यावर मी आप्पांपुढे हळकुंडांची पाटी ठेवली. उजव्या हाताने एकेक उचलून दुसऱ्या पाटीत टाकायचं. आठवडाभर एकही उचललं गेलं नाही. मग एका दुपारी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एक हळकुंड धरलं गेलं, थरथरत पलीकडे पोचलं आणि पडलं. मी मोजलं, "एक." आप्पांनी मान हलवली. नाही. आणि स्वच्छ म्हणाले, "लाभ." पुढचं उचललं, "दोन." मग तीन, चार, सलग वीसपर्यंत. ज्या माणसाला पाणी मागता येत नव्हतं, तो यार्डात तीस वर्षं मोजत आला तसाच मोजत होता. आई चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली.

त्याचं कारण मला कॉलेजात कळलं. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला. त्या माणसाला समजायचं सगळं, पण बोलताना तोंडातून फक्त "टॅन" निघायचं. इजा डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात होती. शब्द जुळवून बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत तिथे चालतं. पण अंक, वार, अभंग असं जे वर्षानुवर्षं एका ओघात तोंडी बसलेलं असतं, ते पुष्कळदा वाचतं. मेलेली पेशी परत येत नाही, पण शेजारच्या पेशी नवी जोडणी करून तिचं काम काही अंशी उचलतात. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि पहिले काही महिने सगळ्यात मोलाचे. मी आज मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या टेबलाखाली हळकुंडांची पाटी असते.

बाई तेव्हा आप्पांना बघायला घरी आल्या होत्या. तासभर त्यांच्याशेजारी बसून मोजत होत्या. "एकाला लाभ म्हणतात, हे मला माहीतच नव्हतं," म्हणाल्या. जाताना पुढच्या धड्यासाठी वजनं मागून नेली.

त्या वर्षी धाकटा भाऊ दहावीत होता. एका संध्याकाळी तो वजनांची पिशवी घेऊन घरी आला. बोटांना मिठाच्या पाण्याचा वास. म्हणाला, "बाईंनी आज मेंदू शिकवताना एका मापाड्याची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही." आप्पांनी पिशवीत उजवा हात घातला, दोनशेचं एक वजन काढलं आणि फळीवर त्याच्या जागी ठेवलं. मग दुसरं. किलोचं मात्र भावाला ठेवायला सांगितलं, खुणेने नाही, बोलून.