एकच म्हातारा, दीडशे चौकटी

९ जून, भुसावळ

आज दुपारी जेवणे आटोपल्यावर आजीला माझ्या चित्रकथेच्या पहिल्या पानाचे पेन्सिलचे काम दाखवले. तिने चष्मा चढवून कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला, पहिल्या चौकटीवर बोट ठेवले आणि विचारले, "हाऊ कोन शे?" मी म्हटले, नावाडी. तिने मान हलवली, बोट सरकवत तिसऱ्या चौकटीवर नेले आणि विचारले, "नि हाऊ दुसरा कोन शे?"

दुसरा कोणी नव्हताच. दोन्ही चौकटींत एकच म्हातारा होता. आजी अमळनेरची, लग्न होऊन भुसावळला येऊन साठ वर्षे झाली तरी तिची अहिराणी सुटलेली नाही, आणि चित्रकथा नावाचा प्रकार तिने आयुष्यात हातात घेतलेला नाही. तरीही जे माझ्या लक्षात आठ दिवस आले नाही ते तिने अर्ध्या मिनिटात पाहिले. पहिल्या चौकटीतल्या नावाड्याचे नाक बाकदार आहे, तिसऱ्यात ते बसके झाले आहे. भिकबाळी पहिल्यात उजव्या कानात आहे, तिसऱ्यात डाव्या. तोल बरा दिसतो का, हे तपासण्यासाठी मी कच्चे चित्र संगणकावर आडवे उलटून पाहिले होते आणि तसेच उलटे कागदावर उतरवून घेतले, हे आता आठवले.

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मी जळगावच्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर होते. दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे नाना म्हणत असू. वाढदिवसाचे फलक, दहावीच्या गुणवंतांचे फलक आणि निवडणूक जवळ आली की 'भावी नगरसेवकां'चे फलक असे पाच वर्षे चालले. कोणाचा चेहरा केवढा ठेवायचा हे त्याच्या पक्षातल्या वजनावरून ठरत असे, आणि नाना ते प्रमाण कोणत्याही मापपट्टीशिवाय अचूक सांगत. त्या कामाने हात वेगवान केला आणि छपाईचे रंग समजले, हे मी नाकारणार नाही. मात्र तिथे प्रत्येक चेहरा एकदाच लागतो. रात्री घरी येऊन मी पंख असलेले लांडगे, चिलखतातल्या राण्या आणि जळते किल्ले काढत असे. तीही सगळी एकेकटी, भव्य चित्रे होती.

अशी अठरा चित्रे मी पुण्याच्या एका प्रकाशनाकडे पाठवली होती. तिथल्या संपादिका फोनवर म्हणाल्या, "ही भिंतीवर लावण्यासारखी आहेत, पण मला भिंत भरायची नाही, पान भरायचे आहे. दोन माणसे स्वयंपाकघरात बसून भांडत आहेत, अशी तीन पाने काढून पाठवा. राक्षस एकही नको." त्या तीन पानांना मला एकोणीस दिवस लागले. एक पान परत आले, ते सुधारून पाठवले, आणि त्यानंतर हे बत्तीस पानांचे काम मिळाले: तापीच्या पात्रातून दोराने ढग ओढत नेणारा एक म्हातारा नावाडी आणि त्याच्या नावेत लपून बसलेली एक मुलगी. पानामागे सरासरी पाच चौकटी धरल्या तर हा म्हातारा मला सुमारे दीडशे वेळा काढायचा आहे, आणि दीडशे वेळा तो तोच दिसला पाहिजे.

१८ जून

नावाड्याचा तक्ता केला. समोरून, बाजूने, तीन-चतुर्थांश वळलेला, पाठमोरा, बसलेला, वाकलेला. उंची सहा डोकी. डावा खांदा वल्ह्यामुळे खाली गेलेला, उजव्या कानात भिकबाळी, नाकाच्या मध्यावर उंचवटा. नुसता काळ्या रंगाने भरला तरी ओळखू आला पाहिजे, म्हणून डोक्याला सैल बांधलेला रुमाल दिला, ज्याचे एक टोक कायम मागे लोंबते.

तक्ता झाला तरी माणूस झाला नाही. चौकटीत ठेवला की तो कापून चिकटवल्यासारखा दिसतो, कारण त्याच्या अंगात वजन नाही. म्हणून गेल्या आठवड्यापासून मी रोज सकाळी स्टेशनवर जाते. दहा रुपयांच्या प्लॅटफॉर्म तिकिटावर दोन तास मिळतात. भुसावळ जंक्शन असल्यामुळे नमुन्यांची कमतरता नाही. गाडी थांबते, माणसे उतरून पाणी भरतात, बशीत चहा ओततात, बोचक्यावर बसून झोपतात, आणि गाडी सुटली की अर्धवट चित्र माझ्याकडे ठेवून निघून जातात. सुरुवातीला याची चीड येत असे. आता कळते की तीन मिनिटांत जे कागदावर येते तेच कामाचे असते: पाठीचा बाक, गुडघ्यावर ताणलेले धोतर, कोणत्या पायावर भार आहे ते. बाकीचे घरी येऊन भरता येते.

रेल्वे पोलिसांच्या एका जवानाने तिसऱ्या दिवशी मला हटकले. वही पाहिल्यावर त्याने टोपी नीट केली आणि स्वतःचे चित्र काढून घेतले. तेव्हापासून तो मला चांगली जागा दाखवतो.

खरा प्रश्न ढगाचा होता. ढग ओढताना म्हातारा किती वाकेल? ढगाला वजन किती? कथेत ते लिहिलेले नाही, आणि मला ते ठरवल्याशिवाय त्याचा पाय काढता येत नव्हता. पार्सलची लादलेली गाडी ओढणारे हमाल पाहताना उत्तर सापडले. रिकामी गाडी ओढताना माणूस हाताने ओढतो. भरलेली असली की हात नुसते धरायला राहतात, ओढते ते संपूर्ण शरीर, आणि मागच्या पायाची टाच उचलली जाते. मग ठरवले की सकाळचा ढग रिकाम्या गाडीसारखा आणि पाऊस भरलेला ढग पार्सलांनी भरलेल्या गाडीसारखा. आता मुलगी वाचकाला एक शब्दही न सांगता दाखवू शकेल की पाऊस कधी येणार आहे. ती फक्त म्हाताऱ्याच्या टाचेकडे पाहील.

४ जुलै

आज हिशेब मांडला. पानाला १,८०० रुपये ठरले आहेत, त्यात पेन्सिल, शाई आणि रंग तिन्ही आले. बत्तीस पानांचे ५७,६०० होतात. एका पानाला तीन दिवस, म्हणजे ९६ दिवस. रविवार, दुरुस्त्या आणि वीज जाण्याचे दिवस धरले तर चार महिने. महिन्याला १४,४०० रुपये पडतात. नाना मला १४,००० देत असत. आप्पांना ही आकडेमोड दाखवली तेव्हा ते रेल्वेतल्या माणसाच्या गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे चारशे रुपयांची बढती मिळाली."

करारपत्र सहीपूर्वी आप्पांच्या ओळखीच्या एका वकिलांना दाखवले. मी यापूर्वी एकदा पोळले आहे. पत्त्यांच्या खेळासाठी माझ्याकडून नऊ प्राणी काढून घेणाऱ्या एका गिऱ्हाईकाने नंतर फोन उचलणे बंद केले, आणि कागदावर काहीच नसल्यामुळे मला बोलायला जागा नव्हती. वकिलांनी १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातले कलम १९ वाचून दाखवले. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागतात; मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. आमच्या मसुद्यात मुदतीच्या जागी 'कायमस्वरूपी' आणि प्रदेशाच्या जागी 'संपूर्ण जग' असे स्पष्ट लिहिलेले होते. मी संपादिकांना पत्र लिहिले. मराठी आवृत्तीचे हक्क दहा वर्षांसाठी, अनुवादाचे वेगळे पैसे, आणि मूळ कागद माझ्याकडे, असे ठरले. अर्धी रक्कम आगाऊ आली. एवढे मागताना हात कापत होता, आणि समोरून उत्तर मात्र दोन ओळींत आले की ठीक आहे.

२० जुलै

काल अजिंठ्याला जाऊन आले. शाळेच्या सहलीत दोनदा गेले होते, तेव्हा डबा आणि माकडे यांपलीकडे काही पाहिले नव्हते. जळगावहून एसटीने साठेक किलोमीटर, फर्दापूरच्या फाट्यावर उतरून तिथून लेण्यांची बस. पावसाने वाघूर भरली होती. हेच पाणी पुढे आमच्या तापीला येऊन मिळते.

मी पद्मपाणीच्या प्रसिद्ध चित्रासाठी गेले नव्हते, सतराव्या लेण्यासाठी गेले होते. तिथे विश्वंतर राजपुत्राची कथा भिंतभर रंगवलेली आहे आणि तिला चौकटी नाहीत. राजपुत्र मंडपात बसलेला आहे, तोच थोड्या अंतरावर छत्राखाली चालतो आहे, तोच पुढे रथात आहे. दोन प्रसंगांच्या मध्ये रेघ नसून एखादा खांब, दार किंवा झाड येते, आणि पाहणाऱ्याची नजर त्या दारातून पुढच्या प्रसंगात जाते. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराला माझीच अडचण होती: एकच माणूस पुन्हा पुन्हा काढायचा आणि तो ओळखू आला पाहिजे. त्याने ती वस्त्रांवर, दागिन्यांवर आणि त्याहून अधिक उभे राहण्याच्या ढबीवर सोडवली आहे. राजपुत्राची मुले मागून नेणारा जुजक तर बोकडासारख्या दाढीमुळे मंद उजेडातही ताबडतोब सापडतो. माझ्या म्हाताऱ्याच्या रुमालाचे टोक मी नकळत त्याच जातीचे योजले होते, याचा मला बराच आनंद झाला. आत फार वेळ उभे राहू देत नाहीत, म्हणून मी तीनदा बाहेर येऊन तीनदा रांगेत लागले आणि चित्रे बाहेरच्या पायरीवर बसून आठवणीने काढली. आठवणीने काढताना जे सुटले तेच नेमके बिनमहत्त्वाचे होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण खरे सांगायचे तर हातही बरेच सुटले, आणि अजिंठ्याच्या हातांना बिनमहत्त्वाचे कोण म्हणेल?

परतीच्या वाटेवर रॉबर्ट गिलचा विचार करत होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये या सैनिकी अधिकाऱ्याला लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमले, आणि जवळजवळ वीस वर्षे तो तैलरंगांत त्या काढत राहिला. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८७९ मध्ये तो वारला आणि त्याची कबर आमच्या भुसावळात आहे. इकडे गिल म्हटले की लोकांना त्याची आणि पारो या इथल्याच तरुणीची प्रेमकथा आठवते. दुसऱ्याच्या भिंतीसमोर उभा राहून तेच चेहरे वर्षानुवर्षे उतरवणारा माणूस कोणाला आठवत नाही. मला तो माणूस अधिक जवळचा वाटतो. काल पहिल्यांदा मला असेही वाटले की त्याच्या हाताला अखेरीस ते चेहरे न पाहता काढता येत असतील.

घरी येताच झालेली अकरा पाने आणखी दोन ठिकाणी साठवून ठेवली. एक डिस्क मावशीकडे वरणगावला जाईल.

३ ऑगस्ट

आजचा दिवस संवादाच्या फुग्यांनी खाल्ला. पाचव्या पानावर मुलगी विचारते आणि नावाडी उत्तर देतो, पण मी नावाड्याला डावीकडे बसवले होते. आपण डावीकडून वाचतो, त्यामुळे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जात होता. फुगा वर-खाली करून पाहिला, शेपूट लांबवली, काही जमेना. शेवटी नावेचे तोंडच फिरवावे लागले आणि त्यासोबत सहावे पानही पुन्हा काढावे लागले. आता आधी फुगे मांडते, मग माणसे.

देवनागरीला जागाही उंचीत अधिक लागते. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, म्हणजे दोन ओळींत हवा ठेवली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी मोठी अक्षरे एका उंचीची, म्हणून त्यांचे फुगे आडवे आणि चपटे असतात. मी इतकी वर्षे तेच पाहिल्यामुळे तसेच फुगे काढत होते आणि त्यांत मराठी कोंबत होते. शिवाय मी ए-३ कागदावर काढते आणि पुस्तक ए-४ मध्ये छापले जाणार, म्हणजे सगळे ७१ टक्क्यांवर येणार. 'द्ध' आणि 'क्ष्म' त्या आकारात काळे ठिपके होतात. लेखकाला फोन करून 'सूक्ष्म' ऐवजी 'बारीक' करून घेतले. त्यांना ते आवडले नसावे.

१९ ऑगस्ट

बारावे पान शाईत पूर्ण झाले. या पानावर एकही संवाद नाही. भरलेला ढग, ताणलेला दोर, पाण्यात गेलेली नावेची कड, आणि शेवटच्या चौकटीत मुलीची जागा रिकामी.

दहा, अकरा आणि बारा ही तिन्ही पाने आजीपुढे ओळीने मांडली आणि मी मुद्दाम काहीच बोलले नाही. ती प्रत्येक चौकटीवर बोट ठेवत गेली. नावाड्यावर बोट थांबेल आणि पुन्हा तोच प्रश्न येईल म्हणून मी श्वास धरून उभी होते, परंतु नावाडी समोरून आला, पाठमोरा आला, अर्धा ढगात बुडालेला आला, तरी ती त्याच्यावरून पुढे जात राहिली. शेवटच्या चौकटीशी आल्यावर तिने चष्मा काढला आणि माझ्याकडे जरा रागानेच पाहिले.

"पोर बुडी गयी का?"

मी म्हटले, पुढचे पान अजून पेन्सिलीत आहे. ती म्हणाली, "मंग तेच दखाड."