पुस्तकात नसलेलं बरोबर उत्तर

कापसाची वेचणी लागली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कॉलेजात बीएस्सीचा वर्ग अर्धा रिकामा होतो. पोरं शेतात असतात. म्हणून इंटिग्रेशनचे स्वाध्याय मी मूडल या ऑनलाइन शिकवणीच्या व्यासपीठावर टाकले, त्याला स्टॅक जोडून. स्टॅक म्हणजे गणिताचं उत्तर आपोआप तपासून, बरोबर असेल तर हिरवं दाखवणारी प्रणाली. ख्रिस सँगविन यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या या स्टॅकचं गणित आतून मॅक्सिमा ही बीजगणित करणारी संगणकप्रणाली करते. तिचं मूळ १९६८ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. एवढी जुनी, भारदस्त यंत्रणा आमच्या पोरांच्या साध्या मोबाइलवर चालते, कारण सगळं बीजगणित सर्व्हरवर होतं.

पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर सगळे एकदमच बसले आणि सर्व्हर अडकला. प्रत्येक उत्तराला मॅक्सिमा नव्याने सुरू होत होती आणि दरवेळी स्टॅकची अख्खी लायब्ररी, म्हणजे तयार सूचनांचा संच, वाचत होती. लायब्ररी आधीच भरलेली मॅक्सिमाची इमेज, म्हणजे लगेच सुरू होणारी तयार प्रत, बनवली, तेव्हा पहाट झाली होती.

दुसऱ्या रात्री एका विद्यार्थिनीचा फोन आला. रेंजसाठी ती स्लॅबवर चढली होती.

"सर, हिरवं येऊन राहिलं. पण पुस्तकात तं वेगळंच उत्तर हाय. काऊन?"

प्रश्न साइन एक्स गुणिले कॉस एक्सच्या इंटिग्रलचा. माझं उत्तर साइन वर्ग एक्स भागिले दोन. तिने लिहिलं होतं उणे कॉस दोन एक्स भागिले चार, अधिक सी, म्हणजे कोणतीही स्थिर संख्या. मला वाटलं, रात्रीच्या दुरुस्तीत मीच काहीतरी बिघडवलं. तिला फोनवरच थांबवून कागद घेतला, तिच्या उत्तराचा डेरिवेटिव्ह काढला; उत्तर बरोबर असेल तर मूळ प्रश्न परत मिळायला हवा. साइन दोन एक्स भागिले दोन, म्हणजेच साइन एक्स कॉस एक्स. तंतोतंत! आमच्या दोघांच्या उत्तरांत फरक फक्त एक चतुर्थांशाचा, तो सी मध्ये जिरतो. स्टॅकने तरी काय केलं होतं? माझ्या उत्तराशी अक्षरं जुळवली नव्हती, तिच्या उत्तराचा डेरिवेटिव्ह घेऊन पाहिला होता.

"बरोबर आहे बेटा, तुझंही," मी म्हणालो. ती खूप वेळ काही बोललीच नाही.

मला मात्र झोप लागेना. हाच प्रश्न मी गेल्या वर्षी चाचणीत दिला होता. सकाळी कपाटातला गठ्ठा सोडला. तीन पेपरांवर हेच उत्तर, त्यावर माझी लाल फुली. दोघं कॉलेज सोडून गेलेत. तिसरा अजून वर्गात आहे. वेचणीहून परतला की पेपर घेऊन मी त्याच्याकडे जाणार आहे.