गाडी चौथ्या पानावर सुटली

ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या सोसायटीच्या स्मरणिकेसाठी मी भारतातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेवर लेख लिहायला घेतला. माहिती भरपूर होती: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. पाच पानं झाली. आईला वाचून दाखवत होते, तर तिसऱ्या पानावर तिने थांबवलं. "अगं, पण गाडी सुटली कधी?"

खरंच, गाडी चौथ्या पानावर सुटत होती. त्याआधी मासुंदा तलाव, म्हणजे ठाण्याची तलावपाळी, खाडीवरचा पूल, माझे लोकलचे दिवस, सगळं एकमेकांत घुसलेलं. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. जागा चुकल्या होत्या. वाचणाऱ्याने किती वेळ फलाटावर थांबायचं?

मग प्रिंट काढली, परिच्छेद कात्रीने कापले आणि पंखा बंद करून फरशीवर मांडले. प्रत्येक तुकड्यामागे पेन्सिलीने एकच ओळ लिहिली: यात मी काय सांगतेय? दोन तुकड्यांमागे तीच ओळ आली, त्यातला एक काढला. पूल कल्याणच्या मार्गावरचा, १८५४ चा, म्हणून तो शेवटी गेला. तलावाचा परिच्छेद मला फार आवडायचा, पण तो कुठेच बसेना. जड मनाने वेगळ्या पाकिटात ठेवला.

आता पहिल्याच ओळीत गाडी बोरीबंदरहून सुटते. आईने काल पुन्हा ऐकलं, डोळे मिटून. कल्याण आलं तेव्हा म्हणाली, "आता तलावपाळीचंही लिही."