डीपीवर कवा लावतं?

दिवाळीला दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी गेलो, की शेजारचे काका विचारणारच, "बापू, थे तुही करंट न खाणारी तार आपल्या डीपीवर कवा लावतं?"

डीपी म्हणजे वावरातल्या मोटरींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. त्यांचं विचारणं चूक नाही. तुरीला पाणी द्यायला रात्री बाराला उठायचं, अन् वावरात पोचेपर्यंत लाईन गेलेली.

तर काका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाही लागणार.

करंट न खाणारी म्हणजे अतिवाहक, विजेला जराही रोध (अडथळा) न करणारी. पण ती तार नावालाच तार. ॲल्युमिनियम फॉस्फेटचा एक सच्छिद्र स्फटिक असतो. पेंढीत धांडे असतात तशा त्याच्यात समांतर पोकळ्या, प्रत्येकीची रुंदी 0.73 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). स्फटिक वाढतानाच त्यांत ट्रायप्रोपिलअमाइन या कार्बन-नायट्रोजन-हायड्रोजनच्या संयुगाचे रेणू अडकून राहतात. मग भट्टी. नायट्रोजन-हायड्रोजन उडून जातात, कार्बन मागे उरतो, अन् पोकळीच्या साच्यात त्याची 0.4 नॅनोमीटरची नळी बनते. इतकी बारीक नळी उघड्यावर टिकणं कठीण. भिंतीनं धरलंय म्हणून ती आहे. मला तर अजूनही विजेपेक्षा याचंच नवल वाटतं.

2001 साली हाँगकाँगच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटानं सांगितलं, की सुमारे 15 केल्विनखाली (म्हणजे उणे 258 अंश सेल्सिअसखाली) या नळ्या अतिवाहक होतात. पुरावा मुख्यतः चुंबकीय होता: थंड झाल्यावर त्या चुंबकक्षेत्र बाहेर ढकलू लागल्या, ही अतिवाहकाची खूण. रोध कसा उतरतो, हे मोजणं पुढचं काम. तेही अवघड, कारण एकट्या नळीत, रोधाविना वीज वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांची लय जराशा उष्णतेनंही तुटते. शेजारच्या नळ्यांचा हात लागला तरच ती धरते.

"मंग ढोरांच्या डॉक्टरच्या नायट्रोजनच्या भांड्यात बुडव ना!" काका म्हणाले. रेतनाच्या कांड्या ठेवतात ते भांडं. डोकं चांगलं चालवलं, पण तिथं उणे 196 अंश. आपल्याला उणे 258 च्या खाली जायचंय, त्याला द्रव हेलियमच्या घरचं गार लागतं. अन् स्फटिक तरी केवढा? कपाशीच्या सरकीपेक्षाही लहान.

शिवाय आपली डीपी तारेच्या रोधानं जळत नाही. तिला झेपत नाहीत इतक्या मोटरी तिच्यावर चढवल्यात, वरून आकडे. तार सोन्याची आणली तरी ती जळायचीच.

काका थोडा वेळ गप्प बसले.

"मंग दुसरी डीपीच मंजूर करून आण ना."