तुम्ही विचारलेत म्हणून : सवलतीची सवय लागेल का?

विशेष शिक्षिका म्हणून नाशिकच्या शाळाशाळांतून फिरताना, पंचवटीतली आई असो वा सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून थेट शाळेत आलेले वडील असोत, अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे समजत असूनही वाचता-लिहिताना अडणाऱ्या, मुलांना परीक्षेत मिळणाऱ्या जादा वेळ, लेखनिक (सांगितलेले उत्तर लिहून घेणारा) अशा सवलतींबद्दल एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, सवलत घेतली तर त्याला तिचीच सवय नाही का लागणार?"

माझ्या मते घोटाळा 'सवलत' या शब्दानेच केला आहे; एसटीच्या अर्ध्या तिकिटासारखे काहीतरी स्वस्तात पदरात पडते आहे, असे त्यातून वाटते. चौथीतला एक मुलगा 'धरण' हा शब्द 'घरण' असा वाचे, 'सूर्य'च्या रफारापाशी अडे आणि चार ओळींनंतर बोट कोणत्या ओळीवर होते हेच विसरे. परिसर अभ्यासाचा धडा मी त्याला वाचून दाखवला, तेव्हा गंगापूर धरणाचे पाणी शुद्ध होऊन घरच्या नळाला कसे येते, हे त्याने न अडखळता सांगितले. पेपर मात्र कोरा होता, कारण त्याला उत्तर येत होते, प्रश्न वाचता येत नव्हता. प्रश्न वाचून दाखवला म्हणजे उत्तर सांगितले, असे होत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये नोंदलेल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे; तेव्हा येथे मेहेरबानीचा प्रश्नच नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, हे ऐकून पुष्कळ पालक नववीच्या शेवटी अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी धावपळ करतात, आणि तोवर वर्गात काहीच बदललेले नसते. (एका शाळेत तर "आमच्याकडे अशी मुले नाहीत" असे मला दारातच सांगण्यात आले होते.) लेखनिकाला उत्तर सांगणे हे शिकावे लागते, ज्याने कधी सांगून लिहवून घेतलेले नाही, तो अर्धे वाक्य बोलून गप्प होतो. म्हणून मी पालकांना सांगते, की रोज दहा मिनिटे तुम्ही धडा वाचा, त्याला उत्तर सांगू द्या आणि ते त्याच्याच शब्दांत, दुरुस्त न करता, लिहून घ्या.

राहिली सवय. तो मुलगा पूर्वी वही बाकाखाली लपवत असे, आता अक्षरावर बोट ठेवून विचारतो, "मॅडम, हा घरातला घ, की धरणातला ध?"